पाव आणि मुकुट

'क्रांती' हा शब्द तुम्ही अनेकदा ऐकला असेल. उर्दूत त्याला 'इन्किलाब' म्हणतात. जगातील एक मोठी क्रांती १७८९ साली फ्रान्समध्ये झाली. राजे, सेनापती आणि लढाया यांची माहिती तुम्हांला इतिहासाच्या पुस्तकात मिळेल. येथे आपण सुरुवात करू ती पावापासून.

त्या काळी फ्रान्समधील गरिबांचे मुख्य अन्न पाव हेच होते. आपल्याकडे जशी भाकरी, तसा तिकडे पाव. १७८८ च्या जुलै महिन्यात तेथे भयंकर गारपीट झाली आणि उभी पिके आडवी झाली. त्यानंतरचा हिवाळा इतका कडक होता, की नद्या गोठल्या. पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या बंद पडल्या. १७८९ च्या वसंत ऋतूत पॅरिसमधील मजुराच्या मजुरीचा अर्ध्याहून अधिक भाग नुसत्या पावावर खर्च होऊ लागला. मग घरभाडे कशातून द्यायचे? मुलांना कपडे कोठून आणायचे?

राजा सोळावा लुई याची तिजोरीही रिकामी होती. इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकेला त्याने मदत केली होती आणि त्यासाठी मोठे कर्ज काढले होते. १७८८ साली टिपू सुलतानाचे तीन वकील व्हर्सायच्या राजवाड्यात या राजाला भेटले होते. राजाने त्यांचे थाटात स्वागत केले. पण टिपूला हवी होती ती लष्करी मदत मात्र दिली नाही. ज्याच्याकडे स्वतःचे कर्ज फेडायला पैसा नाही, तो दुसऱ्याला काय देणार?

मग कर वाढवायचा, पण तो कोणाकडून घ्यायचा? फ्रान्समध्ये समाजाचे तीन वर्ग होते. पहिला धर्मगुरूंचा, दुसरा सरदारांचा आणि तिसरा बाकी सगळ्यांचा. पहिल्या दोन वर्गांना बहुतेक कर माफ होते. सारा भार शेतकरी, मजूर, कारागीर आणि व्यापारी यांच्यावर होता. मिठावरसुद्धा कर होता. हे वाचून तुम्हांला आपल्या दांडीची आठवण झाली असेल!

५ मे १७८९ रोजी राजाने तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा व्हर्साय येथे बोलावली. अशी सभा त्यापूर्वी १६१४ साली भरली होती. पण मतदानाची जुनी रीत मोठी विचित्र होती. प्रत्येक वर्गाला एकच मत. म्हणजे धर्मगुरू आणि सरदार एक झाले, की कोट्यवधी लोकांचा तिसरा वर्ग दोनास एक असा हरलाच! तिसऱ्या वर्गाने ही रीत नाकारली आणि स्वतःला 'राष्ट्रीय सभा' म्हणून जाहीर केले.

१४ जुलैला पॅरिसच्या लोकांनी बॅस्टिल हा किल्ला घेतला. हा किल्ला म्हणजे राजाचा तुरुंग. त्या दिवशी आत फक्त सात कैदी होते. लोक तेथे गेले ते मुख्यतः बंदुकीच्या दारूसाठी. तरीही जुलमाचे प्रतीक पडले, ही बातमी गावोगाव पसरली. २६ ऑगस्टला राष्ट्रीय सभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असे त्यात म्हटले होते.

जाहीरनामा झाला, पण पाव महागच राहिला. ५ ऑक्टोबरला पॅरिसच्या बाजारातील हजारो स्त्रिया भर पावसात व्हर्सायकडे चालत निघाल्या. अंतर सुमारे २० किलोमीटर. कोणाच्या हातात भाला होता, कोणाच्या हातात काठी. त्यांनी तोफाही ओढत नेल्या. त्या संध्याकाळी राजाने जाहीरनाम्याला मान्यता दिली. दुसऱ्या दिवशी राजा, राणी आणि राजपुत्र यांना घेऊनच लोक पॅरिसला परतले. बरोबर पिठाच्या गाड्या होत्या. लोक थट्टेने म्हणत होते, "पाववाला, पाववाली आणि त्यांचा पोऱ्या यांना आम्ही घेऊन आलो!"

या स्त्रियांमुळे राजा हलला. पण मतदानाचा हक्क त्यांना मिळाला नाही. ऑलिंप द गूज या लेखिकेने १७९१ साली स्त्रियांच्या हक्कांचा वेगळा जाहीरनामा लिहिला. १७९३ साली सत्ताधाऱ्यांवर टीका केल्याबद्दल तिला ठार मारण्यात आले. फ्रान्समधील स्त्रियांना मताचा हक्क मिळायला १९४४ साल उजाडावे लागले.

पुढच्या घटना फार वेगाने घडल्या. १७९१ मध्ये राजा वेषांतर करून पळाला आणि वाटेत पकडला गेला. १७९२ मध्ये राजेशाही संपून प्रजासत्ताक आले. २१ जानेवारी १७९३ रोजी राजाचा शिरच्छेद झाला. शेजारच्या राजांशी युद्ध पेटले होते, घरात बंड होते आणि सर्वांना सर्वांचा संशय येत होता. न्यायाच्या नावाखाली सुमारे १७ हजार लोकांना मृत्युदंड देण्यात आला. हे करवून घेणारा नेता रोबेस्पिएर हाही शेवटी, जुलै १७९४ मध्ये, त्याच यंत्राखाली मेला.

याच गोंधळात नेपोलियन बोनापार्ट हा तरुण पुढे आला. तो कॉर्सिका बेटावरचा. क्रांतीमुळे सैन्यातील वरच्या जागा गुणी माणसांना खुल्या झाल्या होत्या, म्हणून तो २४ व्या वर्षी सेनापती झाला. १७९९ मध्ये त्याने सत्ता हाती घेतली. १८०० साली त्याने पॅरिसमधील ७३ वृत्तपत्रांपैकी ६० बंद केली. क्रांतीने १७९४ मध्ये वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली होती. ती त्याने १८०२ मध्ये पुन्हा आणली. हैतीच्या लोकांनी मात्र ती जुमानली नाही. ते लढले आणि १८०४ साली स्वतंत्र झाले.

त्याच वर्षी, २ डिसेंबरला, नेपोलियन सम्राट झाला. समारंभाला पोप आले होते. परंतु नेपोलियनने मुकुट स्वतःच्याच हातांनी डोक्यावर ठेवला. त्याआधी जनतेचे मत घेतले होते. होकार सुमारे ३५ लाख, नकार तीन हजारांहून कमी! अवघ्या अकरा वर्षांपूर्वी राजाचे डोके उडवणाऱ्या लोकांनी हे कसे मान्य केले? एक तर मत गुप्त नव्हते. वहीत नावासह नोंदवावे लागे. शिवाय लोक रक्तपाताला कंटाळले होते. चर्चची जमीन ज्या शेतकऱ्यांनी विकत घेतली होती, त्यांना ती गमवायची नव्हती. नेपोलियनने त्यांना तसे अभय दिले. त्याने सर्व देशासाठी एकच कायदा केला. त्यात सरदार आणि शेतकरी समान होते. पत्नीला मात्र पतीच्या आज्ञेतच ठेवले होते.

या व्यवस्थेची किंमत मोठी होती. १८१२ मध्ये सुमारे सहा लाख सैनिक रशियावर चालून गेले. त्यांतील थोडेच परत आले. १८१५ मध्ये वॉटर्लू येथे नेपोलियन हरला. सेंट हेलेना बेटावर कैदेत असताना १८२१ साली तो मरण पावला.

फ्रान्सच्या गादीवर सोळाव्या लुईचा भाऊ बसला. राजा परत आला, पण सरदारांची करमाफी परत आली नाही. शेतकऱ्यांच्या जमिनी त्यांच्याकडेच राहिल्या. क्रांतिकाळात, १७९५ साली, कायद्याने ठरलेली मीटर आणि ग्रॅम ही मापेही पुढे जगभर गेली. तुमच्या कंपासपेटीतील पट्टीवर मीटरचेच भाग आहेत.

या राजानंतर त्याचा धाकटा भाऊ, दहावा चार्ल्स, राजा झाला. १८३० च्या जुलै महिन्यात त्याने वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य काढून घेणारा हुकूम काढला. पॅरिसचे लोक पुन्हा रस्त्यावर उतरले. तीन दिवस लढाई झाली आणि चार्ल्सला गादी सोडून इंग्लंडला जावे लागले.