लांबच्या प्रवासात कोणती गाणी?

प्रश्न : पुण्याहून आंबोलीमार्गे सावंतवाडीला गाडीने निघतोय. सोबत आई-बाबा आणि मुलं आहेत. गाणी कोणती घ्यावीत?

उत्तर : पहाटे भीमसेनजींचे अभंग लावा. टाळ-पखवाजाची लय ठाम असते, चालवणाऱ्याला घाई करायला लावत नाही. ऊन चढलं की 'गीतरामायण'. गदिमा-बाबूजींची ही ५६ गीतं १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झाली. आई-बाबा सोबत गुणगुणतील, मुलांना सलग गोष्ट मिळेल. जेवणानंतर विलंबित ख्याल नकोच, डोळे जड होतात. तेव्हा मुलांच्या आवडीची ठेक्याची गाणी येऊ द्या. आंबोली घाटात मात्र आवाज इतका कमी करा, की वळणापलीकडचा हॉर्न ऐकू येईल. गाणी घरूनच डाउनलोड करा, वाटेत रेंज जाते. आणि पेंग आलीच तर गाण्यावर विसंबू नका. गाडी सुरक्षित जागी थांबवून झोप काढा.