कूर्चेतील सूक्ष्म आरएनए
बालकाची हाडे लांब होतात ती टोकांजवळच्या कूर्चेत. तेथील पेशींत ‘मायक्रो आरएनए-१४०’ हा जेमतेम २२ अक्षरांचा रेणू विपुल असतो. तो स्वतः प्रथिन घडवीत नाही. इतर जनुकांचे संदेश अडवून प्रथिननिर्मितीला आवर घालतो. तो काढून टाकलेले उंदीर किंचित ठेंगणे राहिले व त्यांचे सांधे लवकर झिजले. याच रेणूतील एकच अक्षर बदलल्याने मानवातही अस्थिवाढीचा जन्मजात विकार होतो, असे २०१९ साली दिसून आले. गंमत अशी, की येथे रेणू नाहीसा होत नाही. तो भलतेच संदेश अडवू लागतो. म्हणूनच, उंची खुंटलेल्या बालकाची केवळ प्रथिने घडविणारी जनुके तपासून ‘जनुकीय दोष नाही’ असे मातापित्यांना सांगणे आम्हांस घाईचे वाटते.