बळ आणि नेम

नांदेड,
आश्विन शुद्ध नवमी

चिरंजीव बाळास अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

तुझे सविस्तर पत्र पावले. तुझ्या मित्राच्या थोरल्या बंधूंनी परदेशातून आणलेली एअरसॉफ्टची विजेवर चालणारी रायफल खोलून तीत जबर स्प्रिंग, अधिक व्होल्टेजची बॅटरी आणि पोलादी गिअर बसवावेत व तिचा मारा दुप्पट करावा असा तुम्हा दोघांचा इरादा आहे, आणि ज्याची हयात आयटीआयच्या फिटर विभागात शिल्पनिदेशक म्हणून गेली त्या मामाने ह्या कामी मार्गदर्शन करावे, अशी तुझी मागणी आहे. लातुरास तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलाला यंत्राचे अंतरंग पाहावेसे वाटावे ह्याचा मला मनापासून आनंद झाला. मारा दुप्पट करण्याचा संकल्प मात्र मला मान्य नाही. आणि तो का मान्य नाही हे केवळ वडीलकीच्या अधिकाराने न सांगता कारणांसहित लिहावे, इतका तू आता जाणता झाला आहेस.

प्रथम यंत्राची रचना ध्यानी घे. युद्धोत्तर जपानात खऱ्या बंदुका बाळगण्यावर कडक निर्बंध असल्यामुळे तेथील हौशी मंडळींसाठी १९७०च्या दशकात एअरसॉफ्टच्या ह्या प्रतिकृतींचा उदय झाला, आणि १९९१ साली टोकियो मारुई ह्या कंपनीने फामास ह्या फ्रेंच रायफलीच्या रूपात विजेच्या मोटरीवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली. मोटर गिअर फिरवते, गिअर पिस्टनला मागे ओढून स्प्रिंग दाबतो, गिअरचा शेवटचा दात सुटला की स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते, आणि सिलिंडरातील दाबलेली हवा नॉझलवाटे सहा मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिक गोळीला नळीतून बाहेर ढकलते. नळीच्या मुळाशी हॉप-अप नावाची एक रबरी योजना असते; तिचा लहानसा उंचवटा गोळीला वरच्या अंगाने घासतो, त्यामुळे गोळी उलटी गरगरत निघते आणि त्या फिरण्यातून उपजलेला उचल देणारा जोर काही अंतरापर्यंत गुरुत्वाकर्षणाला तोलून धरतो. ह्या हलक्या गोळीचा पल्ला पुष्कळसा ह्या फिरकीवर अवलंबून असतो, हे तुझ्या पत्रात कोठेच आलेले नाही.

आता बळाचा हिशेब पाहू. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने निघाली तर तिची ऊर्जा बरोबर १ ज्यूल भरते. वेग १४० मीटरवर नेलास तर ती जवळजवळ २ ज्यूल होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हा वाढीव भार प्रथम पिस्टनच्या दातांवर पडतो, नंतर ज्या कवचात सारे गिअर बसविलेले असतात त्याच्या पुढच्या भिंतीवर प्रत्येक झेपेगणिक आदळतो, मोटर अधिक विद्युत्प्रवाह ओढू लागते आणि त्या प्रवाहाने चापाखालचे संपर्क जळू लागतात. पोलादी गिअर घातलेस तर गिअर टिकतील आणि त्यांच्या शेजारचा दुबळा भाग मोडेल. एवढे करून नेम तसूभरही सुधारत नाही. गोळीमागची हवा जर सांध्यासांध्यांतून निसटत असेल, तर स्प्रिंग वाढवणे म्हणजे पाटाला भगदाड असताना मोटेला आणखी एक बैलजोडी जुंपण्यासारखे आहे.

म्हणून यंत्र सुधारायचेच असेल तर बळ वाढवण्याचा मार्ग सोडून प्रत्येक गोळी मागच्या गोळीसारखीच निघावी हे साध्य मनाशी धर, आणि त्याचा क्रम मी सांगतो तसा ठेव. बॅटरी व मॅगझिन आधी काढावे. मॅगझिन काढल्यावरही एखादी गोळी नळीच्या मुळाशी अडकून राहते, ती सुरक्षित दिशेला सोडून द्यावी. दाबलेली स्प्रिंग मोकळी झाल्याची खात्री करावी आणि डोळ्यांवर चष्मा चढवावा, मगच स्क्रूला हात लावावा. सिलिंडर, पिस्टनचे डोके आणि नॉझल एकत्र जुळवून नॉझलच्या तोंडावर बोट घट्ट धर व पिस्टन ढकलून पाहा. हवा कोंडली जाऊन पिस्टन अडला तर सांधा ठीक, सरकत पुढे गेला तर ओ-रिंग बदल किंवा ग्रीस लाव. त्यानंतर हॉप-अपचे रबर तपास: ते कडक झाले असेल, वाकडे बसले असेल किंवा त्याला तेल लागले असेल तर गोळी कधी डावीकडे व कधी उजवीकडे जाईल, आणि तू व्यर्थ स्प्रिंगला दोष देत बसशील. नळी स्वच्छ पुसून घे, ६.०८ मिलिमीटरच्या जागी ६.०३ची अरुंद नळी घालण्याची घाई नको, कारण अरुंद नळीला धूळ आणि खडबडीत गोळी मुळीच सोसत नाही. गिअरच्या बाजूंना पातळ शिम देऊन ते डुगडुगणार नाहीत आणि अडकणारही नाहीत असे बसव. ह्याच कामात फिटरच्या बोटांची खरी परीक्षा होते, आणि गिअरच्या आवाजावरून ते जुळले की नाही हे ओळखण्याची विद्या तुला पुढे कोणत्याही कारखान्यात उपयोगी पडेल. लिथियम बॅटरीचा एकेक सेल ४.२ व्होल्टच्या वर भरू नये व ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये, आणि ती निजण्याच्या खोलीत कोणाच्या देखरेखीवाचून चार्जिंगला लावू नये. फुगलेली बॅटरी पेट घेते. अखेरीस वेगमापकासमोर एकाच वजनाच्या दहा गोळ्या सोडून प्रत्येकीचा वेग रोजनाम्यात लिही. सरासरी किती आली ह्यापेक्षा सर्वांत जलद व सर्वांत मंद गोळीमधील अंतर किती उरले, हा तुझ्या कसबाचा खरा दाखला.

दुसरा मुद्दा ह्या वस्तूच्या बाह्यरूपाचा आहे, आणि तो पहिल्याहून गंभीर आहे. दहा पावलांवरून पाहणाऱ्याला तुझी प्रतिकृती खरी रायफलच दिसते. अमेरिकेत अशा प्रतिकृतींच्या नळीच्या टोकाला नारिंगी रंगाची खूण ठेवण्याचा दंडक आहे. क्लीव्हलंड शहरात २२ नोव्हेंबर २०१४ रोजी टामिर राईस हा बारा वर्षांचा मुलगा ती खूण नसलेले एअरसॉफ्टचे पिस्तूल घेऊन बागेत असता पोलिसांनी ते खरे समजून त्याच्यावर गोळी झाडली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा अंत झाला. अशा प्रसंगी समोरच्या शिपायाला विचार करायला क्षणाचीही सवड नसते, आणि तुझ्या मनातील निष्पापपणा त्याला दिसत नाही. तेव्हा लातुरातील गंजगोलाईच्या गर्दीत, महाविद्यालयाच्या आवारात अथवा उद्याच्या दसऱ्याच्या मिरवणुकीत ही वस्तू मिरवणे, तिच्यासह छायाचित्रे काढून मोबाईलवरून पसरविणे आणि गमतीनेही ती कोणावर रोखणे मी तुला निक्षून मना करतो.

तिसरा मुद्दा कायद्याचा. १९५९चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालील २०१६चे नियम ह्यांनी ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या व २० ज्यूलपर्यंतच्या शक्तीच्या हवाई बंदुकीला परवान्यातून मोकळीक दिली आहे. तुमच्या प्रतिकृतीची शक्ती ह्या मर्यादेच्या पुष्कळ आत असली तरी तिची नळी सहा मिलिमीटरची आहे, हे विसरू नकोस. म्हणून ती देशात आणताना सीमाशुल्काचे सोपस्कार झाले होते की नाही, ह्याचे कागद मित्राकडून पाहून घे, आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्रपरवाना शाखेत लेखी अर्ज देऊन उत्तरही लेखीच घे. उत्तर प्रतिकूल आले तर कोणतीही मखलाशी न करता वस्तू सांगितल्या ठिकाणी जमा करावी. उत्तर हाती येईपर्यंत तिचा एक स्क्रूही फिरवू नये. हौसेचा अतिरेक हौसेलाच कसा भोवतो हे जपाननेच दाखवून दिले: वाढीव शक्तीच्या प्रतिकृतींनी रस्त्यावरील मोटारींच्या काचा फोडल्याचे प्रकार २००५च्या सुमारास घडले, आणि लगेच २००६ साली तेथील सरकारने सहा मिलिमीटरच्या गोळीला सुमारे ०.९८ ज्यूलची मर्यादा घालून तिच्या पलीकडची शक्ती गुन्हा ठरविली. मूठभर लोकांच्या कसुरीचा भार असा सगळ्या हौशी मंडळींना वाहावा लागला.

आज खंडेनवमी, शस्त्रपूजनाचा दिवस. ज्या नगरात गुरू गोविंदसिंहांनी १७०८ साली देह ठेवला त्या नगरात राहणाऱ्या माणसाला शस्त्राविषयी तिरस्कार वाटणे शक्य नाही. येथील सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात त्यांची शस्त्रे श्रद्धेने जतन केलेली आहेत आणि संगतीला त्यांचे दर्शन घडविले जाते. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होते, तेव्हा गोदावरीचे पाणी आणून सारे तख्त धुतात व शस्त्रांचीही निगा राखतात. तेथे शस्त्र जवळ आहे म्हणून त्याचा धाक कोणी कोणाला घालीत नाही. मर्यादा पाळणाऱ्याच्या हातीच ते शोभते, हा भाव त्या साऱ्या विधींतून प्रतीत होतो. तुझ्याच जिल्ह्यातील उदगिरास १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेवर विजय मिळविला, त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा वाटा मोठा होता. आणि त्या तोफखान्याची ख्याती होती ती त्याच्या कवायतीमुळे.

ती कवायत तुला हवी असेल तर तिचा राजमार्ग उघडा आहे. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत नळी ४.५ मिलिमीटरची असते, रायफलीचे वजन साडेपाच किलोपेक्षा अधिक चालत नाही, नेम धरण्याच्या साधनात दृश्य मोठे करणारे भिंग चालत नाही, आणि लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. ह्या खेळात बळाला कोणी विचारीत नाही. श्वास, खांदा, पायांचा तोल आणि चापावरचे बोट साठच्या साठ वेळा एकसारखे राहिले पाहिजे, एवढीच अट. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरो येथे ह्याच प्रकारात जगज्जेता झाला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमधून पन्नास मीटरच्या रायफल प्रकारात कांस्यपदक घेऊन आला. दोघेही आपल्या महाराष्ट्राची मुले, आणि कांबळवाडी तर लातूरपेक्षा कितीतरी लहान गाव.

तेव्हा माझी तजवीज अशी. परवाना शाखेचे उत्तर अनुकूल आले तर दिवाळीच्या सुटीत मित्राला बरोबर घेऊन व त्याच्या बंधूंच्या संमतीने ती प्रतिकृती पेटीत बंद करून इकडे ये. माझा व्हर्नियर, शिमांची डबी आणि मी स्वतः तुमच्या दिमतीला आहोत, आणि मूळ स्प्रिंग कायम ठेवूनच आपण ते यंत्र निर्दोष करू. उत्तर प्रतिकूल आले तरीही ये. राष्ट्रीय छात्रसेनेत नाव घालून रीतसर नेमबाजी शिकण्याचा विचार आपण करू, आणि पुढे साडेचार मिलिमीटरची नियमांत बसणारी एअर रायफल घेण्याची वेळ आली तर तिच्या किमतीचा अर्धा भार मी उचलीन. ह्यांतले तुला काय पटते व काय पटत नाही, ते मोकळेपणाने कळव. ताईस हे पत्र वाचून दाखव, तिच्यापासून ह्यातले काही लपवू नकोस.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

तुझा मामा