सकाळचे जाड धिरडे

पहाटे साडेपाचला वस्तीतल्या नळावर उभे राहिले की आपल्या न्याहारीची खरी हकिकत कळते. कुणी धुणीभांड्याच्या कामाला निघालेली, कुणाला झाडूची हजेरी गाठायची, कुणाला पोरांचे डबे भरून साडेसातच्या शाळेत सोडायचे. पोटात काय गेले म्हणून विचारले तर कपभर चहा आणि खारी, टोस्ट नाहीतर बिस्किटचा पुडा. बहुतेक मायमाउल्यांचे तर तेवढेही नाही. "कामावर मिळतो की चहा," म्हणून त्या निघतात आणि पहिला घास पडतो दुपारी दोनला.

चहा-खारीने भूक मरते, पण शरीराच्या बांधणीला लागणारी प्रथिने त्यातून चार-पाच ग्रॅमसुद्धा मिळत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाप्रमाणे मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम आणि ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातेला याहून जास्त. ही भरपाई रात्रीच्या एका वाटी पातळ वरणावर होत नाही. आणि टीव्हीवरच्या जाहिरातीतले पावडरचे डबे त्यासाठी घ्यायची आम्हाला तरी काही गरज दिसत नाही. डाळ आणि अंडी आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात आहेत.

म्हणून या वेळी आपण धिरडेच करू, पण नेहमीचे पातळ नाही. एकच मोठे, अंगठ्याएवढे जाड, झाकण ठेवून मंद आचेवर भाजलेले. आपल्याकडे ओव्हन नसतो म्हणून काही अडत नाही. विदर्भात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजणाऱ्या आज्यांना तरी कुठे ओव्हन होता?

चार माणसांसाठी सालीची मूगडाळ १५० ग्रॅम, म्हणजे एक मोठी वाटी, रात्री भिजत घाला. सकाळी पाणी काढून टाका आणि चार हिरव्या मिरच्या, आले, लसूण, जिरे घालून जाडसर वाटा. वाटताना पाणी अगदी बेताने. त्यात ५० ग्रॅम बेसन, मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट, एक बारीक चिरलेला कांदा, हळद, मीठ आणि दोन मुठी चिरलेली मेथी किंवा शेवग्याचा पाला घाला. शेवग्याचे झाड वस्तीच्या आसपास बहुधा असतेच, पाला फुकट मिळतो. चार अंडी वेगळ्या भांड्यात फेस येईपर्यंत फेटा आणि अगदी शेवटी मिसळा. या फेसानेच धिरडे हलके होते, सोडा लागत नाही.

जाड बुडाच्या पसरट कढईत किंवा पॅनमध्ये दोन चमचे तेल सगळीकडे फिरवा, तीळ पसरा, मग पीठ ओता. दोन मिनिटे मध्यम आच द्या. नंतर कढईखाली जुना लोखंडी तवा सरकवा, घट्ट झाकण ठेवा आणि आच बारीक करा. तव्यामुळे उष्णता एका जागी न लागता बुडाला सगळीकडे सारखी पोचते. झाकणाखाली कोंडलेली वाफ वरची बाजू शिजवते. अठरा-वीस मिनिटांनी वरचा ओलेपणा गेला की कढईवर ताट पालथे धरून धिरडे त्यात उलटे काढा, पुन्हा कढईत सरकवा आणि सात-आठ मिनिटे दुसरी बाजू भाजा. मधोमध सुरी खुपसून पाहा. ती कोरडी बाहेर आली तरच गॅस बंद करा. ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी १८० अंशांवर अर्धा तास ठेवावे, उलटायचीही गरज नाही.

आमचे पहिले धिरडे फसले होते, तेही सांगून टाकतो. विहाराच्या मागच्या खोलीत महिला मंडळाच्या बायका जमल्या होत्या. घाई म्हणून पातळ ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तीन बोटे जाड पीठ ओतले आणि आच मोठी ठेवली. बूड कोळसा झाले, आत पीठ कच्चे आणि वर अंड्याचा उग्र वास. एक आजी म्हणाल्या, "हे धिरडे का डांबर?" दुसऱ्या वेळी भांडे बदलले, जाडी कमी केली, खाली तवा ठेवला. तेव्हा त्याच आजींनी तुकडा मागून घेतला.

गॅस फार वाचतो असा आमचा दावा नाही. बारा पातळ धिरड्यांनाही जवळजवळ तेवढाच वेळ जातो. फरक असा की पातळ धिरड्यांना बाई चुलीपाशी उभी लागते. जाड धिरडे झाकणाखाली आपले आपण भाजते, तेवढ्यात पाणी भरून होते, वेण्या घालून होतात.

पण आम्हाला हे धिरडे आवडले ते आणखी एका कारणाने. घरात चार अंडी उकडली की ती कुणाच्या ताटात जातात, हे आपण सगळे जाणतो. कर्त्या पुरुषाला एक, मुलाला एक, उरलेच तर मुलीला अर्धे, आणि आईच्या वाट्याला रस्सा. या धिरड्यात अंडे डाळीत मिसळून गेलेले असते, ते वेगळे काढून कुणाला वाढता येत नाही. चार सारखे तुकडे कापा. वर दिलेल्या मापात एकूण ७८ ते ८० ग्रॅम प्रथिने आहेत, म्हणजे तुकड्याला जवळपास २० ग्रॅम. त्या ५५ किलोच्या बाईची दिवसाची चाळीस टक्क्यांहून जास्त गरज सकाळीच भागते. मात्र बाईने आपला तुकडा बाजूला काढून ठेवायचा आणि घरातून निघण्याआधी खायचा. "पोरांना पुरू दे, मग बघू" हे इथे चालणार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. एका धिरड्याने रक्त वाढत नाही. तपासणी आणि लोहाच्या गोळ्या लागतातच. पण धिरड्यावर लिंबू पिळले तर पाल्यातले आणि डाळीतले लोह अंगी जास्त लागते. उलट त्याच वेळी चहा घेतला तर ते कमी लागते. म्हणून चहा तासाभराने घ्या. ही सवय मोडणे सगळ्यात अवघड, आम्हालाही अजून पुरते जमलेले नाही.

अंडे "उष्ण" पडते, पाळीत मुलींनी खाऊ नये, उन्हाळ्यात नको, असे काही घरांत ऐकायला मिळते. त्याला काही आधार नाही. पाळीच्या दिवसांत तर मुलीला चांगल्या जेवणाची गरज जास्तच. पौर्णिमेला किंवा एरवीही ज्यांना अंडे चालत नाही, त्यांनी ४० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, वाटून घालाव्यात आणि अर्धी वाटी दही मिसळावे. प्रथिने जवळपास तेवढीच भरतात. फक्त धिरडे जरा घट्ट होते, म्हणून थोडे पातळ ओता.

फ्रीज नसेल तर पीठ रात्री वाटून ठेवू नका, उन्हाळ्यात सकाळपर्यंत आंबते. अंडी तर रात्री मुळीच मिसळायची नाहीत. सकाळी मिक्सरच्या वेळी वीज जात असेल तर सालीची मूगडाळ गिरणीतून दळून आणा. त्या पिठात पाणी घालून पंधरा-वीस मिनिटे भिजू द्या, तोवर कांदा-मेथी चिरून होते. रक्तदाब असलेल्यांसाठी मीठ कमी घाला, वर लोणचे-पापड नको. किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिने किती घ्यायची हे डॉक्टरांनाच विचारावे, आमच्या मापावर जाऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाला देताना मीठ-मिरची घालण्याआधी थोडे पीठ वेगळे काढून त्याचे छोटे मऊ धिरडे करा आणि कुस्करून भरवा.

पोरांच्या डब्यात द्यायचे असेल तर तुकडे पूर्ण निवल्यावरच डबा बंद करा, नाहीतर वाफ धरते आणि दुपारपर्यंत वास येतो. कामावर नेणाऱ्यांनीही तसेच करावे, आणि सकाळचे धिरडे दुपारच्या पुढे ठेवू नये.