पाटी कळते, मग फोनमधलं चित्र का कळत नाही?

प्रश्न : माझी आई कराडहून लीड्सला आमच्याकडे आली आहे. इंग्रजी येत नसूनही रस्त्यावरच्या चित्रांच्या पाट्या तिला चटकन कळतात. फोनमधल्या चित्रांपाशी मात्र ती अडते. असं का होतं?
– एक वाचक, लीड्स

उत्तर : यात आईंची समज कुठेही कमी पडत नाही. शाळेजवळच्या पाटीवर हात धरून चाललेली दोन मुलं असतात. जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या डिझायनरांच्या या पाट्या १९६५ पासून ब्रिटनभर आहेत. पाटीवर मुलं, शेजारी शाळा आणि देशभर खूण एकच. अर्थ आपोआप लागतो.

फोनमधल्या तीन आडव्या रेघा पाहा. नॉर्म कॉक्स यांनी १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी त्या काढल्या. त्यांवर बोट ठेवलं की यादी उघडते, हे कुणीतरी दाखवल्याशिवाय कसं कळणार? बदाम एका ॲपमध्ये ‘आवडलं’ सांगतो, दुसऱ्यात ‘जपून ठेवा’. ‘सेव्ह’ची खूण म्हणजे जुनी फ्लॉपी डिस्क; ती कधी न हाताळलेल्याला तो नुसता चौकोन वाटतो. असं चित्र फक्त शिकलेल्याची आठवण करून देतं.

ते शिकवायचं कसं, हे आपल्याकडच्या १९५१-५२ च्या निवडणुकीत दिसतं. तेव्हा भारतात साक्षरता जेमतेम १८ टक्के. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह. बैलजोडी शेतकऱ्याच्या ओळखीची होती. पण बैलजोडी म्हणजे काँग्रेस, हे त्याला सभांतून आणि घोषणांतून कळलं. चित्र डोळ्यांपुढे असतानाच नाव कानावर पडत होतं.

नुसतं चित्र पुरत नाही, हे ॲप बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचं, म्हणजे एनएचएसचं, ॲप घडवणाऱ्या एनएचएस डिजिटलचं मुख्यालय तुमच्याच लीड्समध्ये होतं. एनएचएसची डिझाइन-मार्गदर्शिका बजावते, की खरी गरज असेल तरच आयकॉन वापरा. मला हे फार मोलाचं वाटतं. आजाराने धास्तावलेल्या माणसापुढे कोडी ठेवू नयेत.

आईंसाठी आधी फोनची भाषा मराठी करा. बऱ्याच फोनमध्ये ती सोय असते. मग रोज लागणारी पाच-सहाच चित्रं निवडा. त्यांवर आईंनाच बोट ठेवू द्या आणि प्रत्येक वेळी नाव मोठ्याने म्हणा : ‘भिंग – शोधा’, ‘दात्यांचं चाक – सेटिंग’. काही ॲपमध्ये चित्र दाबून धरलं की नावही उमटतं. आठवडाभर हे नेमाने करा. भिंग दिसताच ‘शोधा’ हा शब्द आईंच्याच तोंडून येईल.