पोटातील पट्टा : शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य

कुपोषणाशी झुंजणाऱ्या नंदुरबार जिल्ह्यात स्थूलतेचा विषय काहींना अप्रस्तुत वाटेल. तथापि मुंबई वा सुरतेस पट्टा बसवून आलेल्या रुग्णाचे पुढील आयुष्य गावीच जाते. म्हणून आम्ही हे टिपण देत आहोत.

जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवितात. त्वचेखालील पोर्टमध्ये सुईने सलाइन भरले की तो आवळतो, काढले की सैल होतो. अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळालेली ही पद्धत आता बरीच मागे पडली आहे. पण पूर्वी बसविलेले पट्टे काहींच्या पोटात आजही आहेत.

कळण्याच्या भाकरीचा घास लहान घ्यावा व पुष्कळ चावावा. पाव, चिकट भात अडकतो. सरबत, आइस्क्रीम मात्र सहज उतरते आणि वजन पुन्हा वाढते; तेथे पट्टा हतबल ठरतो.

आम्हांस अधिक चिंता वाटते ती उलट्यांची. पट्टा सरकतो, क्वचित जठराच्या भिंतीत रुततो. उलट्या ‘सवयीच्या’ म्हणून सोसत राहिल्यास शरीरातील बी-१ जीवनसत्त्व घटते व मेंदूस, नसांस इजा होऊ शकते. पाणीही उतरेनासे झाले किंवा तीव्र कळ आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पट्टा सैल करण्यास विशेष सुई लागते व ती सर्वत्र नसते. धडगाव-अक्कलकुव्याच्या कुटुंबांनी तर पट्ट्याचा प्रकार, सलाइनचे प्रमाण व शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा दूरध्वनी लिहून जवळ ठेवावा. संकोचापोटी शस्त्रक्रिया लपविली जाते आणि उलट्यांवर पित्ताचे औषध चालू राहते. तपासणाऱ्या डॉक्टरांना पट्ट्याविषयी प्रथम सांगावे. रुग्ण बोलू शकत नसल्यास नातेवाइकांनी सांगावे.