क्लिपा माहीत असूनही

कपड्यांच्या ऑनलाइन दुकानांसाठी फोटो काढणाऱ्या अंधेरीतल्या एका स्टुडिओत मी काही वर्षं काम केलं. मॉडेलच्या अंगावर कपडा नीट बसवायचा, वाफेची इस्त्री फिरवायची, हे माझं काम. समोरून चापूनचोपून बसलेल्या कुर्त्याच्या पाठीमागे काय असतं ते मी रोज पाहायचे: मानेपासून कमरेपर्यंत काळ्या क्लिपांची रांग. ढगळ कापड मुठीत धरून मागे ओढायचं आणि क्लिप मारायची. त्या क्लिपांमुळे पोरींना धड टेकताही यायचं नाही, पाणीसुद्धा उभ्याउभ्याच प्यायच्या. मग फोटो संगणकावर जायचा. तिथे काखेजवळची वळी आणि पोटावरची चुणी पुसली जायची.

म्हणजे ही चित्रं कशी तयार होतात हे मला कुणी सांगायला नको होतं. तरीही बाळंतपणानंतर घरी असताना त्याच चित्रांनी मला आतून पोखरलं. ‘फोटो खोटे असतात, मनावर घेऊ नकोस’ एवढं मुलीला सांगितलं की काम झालं, असं अनेक आयांना वाटतं. तेवढ्याने भागत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

बाळाला पाजायला सोयीचे, पुढून उघडणारे सुती कुर्ते मी फोनवर शोधले, इतकंच निमित्त झालं. त्यानंतर पोट आवळणारे शेपवेअर, कंबर बारीक दाखवणाऱ्या जीन्स, साडीखालचे घट्ट परकर यांची रीघ लागली. आपण काय शोधलं, कशावर रेंगाळलो, काय निवडून न घेता सोडलं, याची नोंद होत असते आणि पुढची जाहिरात त्यावरूनच ठरते. दुखऱ्या जागी मी थांबत होते, म्हणून तीच जागा पुन्हा पुन्हा दाखवली जात होती. तीही कुठे, तर भाचीच्या बारशाचा फोटो आणि मैत्रिणीच्या सहलीचा फोटो यांच्या मधोमध. तुलना आधी होऊन जाते, विचार मागाहून येतो.

एका रात्री मागवलेला कुर्ता घालून पाहिला. तक्त्याप्रमाणे छातीचं माप बरोबर होतं, पण बाही दंडात रुतली. काढताना डोकं आत, हात वर, आणि बाळ रडायला लागलं. त्या क्षणी मला राग आला तो माझ्या दंडाचा. बाही बेतणाऱ्याचा नाही. पुढे मी फोटोत मागे उभी राहू लागले, घरातली एक हळद टाळली आणि अंगावर पाजत असताना रात्रीचं जेवण सोडलं. तिथे मात्र आईने मला थांबवलं.

त्या बाहीमागचं कारण मला नंतर नीट उमगलं. आपल्याकडे बरेच ब्रँड परदेशी तक्त्यांत फेरफार करून कपडे बेतत आले आहेत. म्हणून तर फॅशनचं शिक्षण देणाऱ्या ‘निफ्ट’ या सरकारी संस्थेने 15 ते 65 वयाच्या 25 हजारांहून अधिक भारतीयांची मापं थ्रीडी स्कॅनरने घेण्याचा ‘इंडियासाइज’ प्रकल्प हाती घेतला. शिवाय एका दुकानाचा एम हा दुसऱ्याचा एल असतो.

फ्रान्समध्ये 2017 पासून, नॉर्वेत 2022 पासून, मॉडेलचं शरीर बदलून छापलेल्या जाहिरातीवर तसं लिहावं लागतं. असा कायदा आपल्याकडेही यावा असं मला वाटतं. पण अशी सूचना वाचून पाहणाऱ्याची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी फारशी घटत नाही, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. मला ते लगेच पटलं. मला तर क्लिपासुद्धा माहीत होत्या.

म्हणून माझं सांगणं असं, की समजूत घालण्याआधी नजरेसमोरची चित्रं कमी करा. जाहिरातीच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर ती लपवायची सोय असते, सेटिंगमध्ये नको ते विषय कमी करता येतात. खरेदीची ॲप मी काढून टाकली. गरज पडली की तेवढ्यापुरतं दुकान उघडते. घ्यायचंच असेल तर घरातला नीट बसणारा एक कुर्ता पलंगावर पसरा, टेपने छाती, शोल्डर आणि दंडाचा घेर मोजा आणि ‘कपड्याची मापं’ दिली असतील तिथे ताडून बघा. मॉडेलच्या फोटोऐवजी गिऱ्हाइकांनी घरच्या आरशासमोर काढलेले फोटो पाहा. ‘बारीक झाल्यावर घालीन’ म्हणून लहान मापाचा कपडा कपाटात आणू नका. रोज दार उघडलं की तो टोचतो.

जवळ शिवणारं कुणी असेल तर फारच बरं. आमच्या शिवणवाल्या काकूंनी माझ्या दंडाला टेप लावली, आकडा वहीत टिपला आणि म्हणाल्या, “अर्धा इंच सैल ठेवते, आत माया सोडते, पुढे उसवता येईल.” शरीराबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत.

घरातही तेवढं पाळायला हवं. पोरीच्या देखत स्वतःच्या पोटाला नावं ठेवू नका. पाहुण्यांनी दारातच ‘किती सुटलीस गं’ म्हटलं, तर तिथल्या तिथे थांबवा. मुलगा असेल तरी गाफील राहू नका, त्याला छाती-दंडांची हीच चित्रं दिसत असतात. आणि मूल जेवण टाळायला लागलं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन उलट्या करायला लागलं, उन्हाळ्यातही अंग झाकून घ्यायला लागलं, तर ‘वय आहे, जाईल’ म्हणून वाट पाहू नका. डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.